गटाचा रकाना

सोमवार, ३ मार्च

अर्ज आला. ताईंनीच फोनवर पाठवला आणि दोन मिनिटांनी फोन करून "आला का?" म्हणून विचारलं. आला म्हटलं. "मग भरून टाक, आजच्या आज." ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. त्यांनी एखादं काम आजच्या आज म्हटलं की ते कालच व्हायला हवं होतं असं समजायचं.

नाव भरलं. वय भरलं, एक्केचाळीस. तिसरा रकाना गटाचा. नवख्या, हौशी, मध्यम, प्रगत. यांपैकी एक निवडा. तिथे जी अडकले ती अडकलेच.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. सोळा वर्षं झाली. माणसाला खुर्चीत बसवायचं, भिंग फिरवायचं आणि विचारायचं, हे स्पष्ट की हे? एवढा सोपा प्रश्न, पण धडधाकट माणसं घामाघूम होतात. "परत दाखवा ना." "दोन्ही सारखंच वाटतंय हो." एका आजोबांनी तर मलाच विचारलं होतं, "तुम्हाला कुठलं बरं वाटतं?" मी वरवर हसते आणि मनात म्हणते, अहो, स्वतःच्या डोळ्यांना काय दिसतंय ते तरी सांगा! आज माझी गत त्या आजोबांसारखी झाली आहे. मी कशी खेळते हे मलाच ठाऊक नाही.

शुक्रवार १४ तारखेपर्यंत मुदत आहे. म्हणजे अजून बक्कळ वेळ आहे.

बुधवार, ५ मार्च

आज शेजारीण विचारत होती, तुम्ही दर रविवारी पहाटे जाता कुठे? मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "ताटल्या फेकायला." तिला वाटलं घरात भांडणं होतात.

मग मी समजावून सांगितलं. डिस्क गोल्फ. काठीनं चेंडू मारायचा त्याऐवजी हातानं डिस्क फेकायची. मैदानभर अठरा बास्केट आहेत, म्हणजे खांबावर जाळीची टोपली आणि वर साखळ्या. डिस्क साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की झालं. ज्याला सगळ्यात कमी फेकी लागतात तो जिंकतो. "आणि फायदा काय?" शेजारणीनं विचारलं. चालणं होतं म्हणून मी वेळ मारून नेली.

फायदा झाला, ते खरं. गेल्या वर्षी आई गेली त्यानंतर मी दुकानातून घरी यायचे आणि चप्पलसुद्धा न काढता बसून राहायचे. नवरा बिचारा चहा ठेवून जायचा, तो गार व्हायचा. एका रविवारी साडेसहाला ताई आल्या, हातात बूट घेऊन. "माझ्या मापाचे आहेत, तुला बसतील. ऊठ." मी मुकाट्यानं उठले. बूट चावले, पण अठरा बास्केट फिरून आले आणि घरी येऊन पोटभर जेवले.

तर सांगत काय होते, गटाचं. आज तिघांना विचारलं. नवरा म्हणतो, "जिंकायचं असेल तर नवख्या. पहिलीच स्पर्धा आहे तुझी, कोण काय बोलणार?" दुकानाचे मालक म्हणतात, "वरच्या गटात जा. हरलात तर सांगता येतं की वरच्या गटात हरले." ताई म्हणतात हौशी. स्वतः ताई तीन वर्षं हौशीत खेळतात.

तिघांचंही पटतं. हीच तर पंचाईत आहे.

शनिवार, ८ मार्च

ताईंचा फोन. "उद्या येत्येस ना?" दर शनिवारी विचारतात, जसं काही मी कधी बुडवलंच आहे. तेरा महिन्यांत दोन रविवार चुकले, दोन्ही वेळा ताप होता, आणि दोन्ही वेळा ताई दुपारी तापमापक घेऊन हजर.

रविवार, ९ मार्च

आज नीट हिशेबानं खेळायचं ठरवलं होतं, म्हणजे गटाचा निकाल लागेल. ताईंना त्रेसष्ट फेकी लागल्या, मला अडुसष्ट. नेहमीचंच. मी त्यांच्यापेक्षा चार-पाच जास्तच घेते. एकदा, गेल्या पावसाळ्यानंतर, फक्त दोन जास्त लागल्या होत्या. त्या दिवशी ताईंचं पोट बिघडलेलं होतं म्हणे.

त्या पुढच्या ओट्यावरून टाकतात, मी मागच्या. प्रत्येक बास्केटसाठी सिमेंटचे दोन ओटे आहेत, एक जवळ, एक चांगला तीस-चाळीस पावलं मागे. पहिल्याच दिवशी ताईंनी सांगितलं होतं, "नवीन माणसानं मागून टाकायचं. हात सुटतो." त्या वयानं मोठ्या, नात्यानं मोठ्या, खेळात जुन्या. त्या पुढे, मी मागे. आमच्या घरी पंगतीपासून गाडीतल्या सीटपर्यंत सगळं असंच चालतं, त्यामुळे मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. उलट मला वाटतं, वर्ष झालं तरी पुढे बोलावत नाहीत म्हणजे माझा हात अजून सुटलेला नाही.

नवव्या बास्केटपाशी बाकावर बसलो. ताई तिथे बसतातच, थकवा असो नसो. थर्मास उघडतात, दोन पेले भरतात आणि मग निवांत बोलतात. ताईंनी अठ्ठावीस वर्षं एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवल्या. गेल्या वर्षी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. आता रस्त्यात कोणी हसलं की ताई आधी दात बघतात आणि मला कोपरानं ढोसतात, "माझी आहे ती. खालची." मीही मग लोकांचे चष्मे दाखवते. दात त्यांचे, डोळे माझे, अशी आमची वाटणी आहे.

मी गटाचं काढलं.

"त्यात विचार कसला करायचा, भिंगवाले?" ताई म्हणाल्या. त्या मला भिंगवाली म्हणतात. "नवख्यांत सगळ्या पोरीसोरी. तुझ्याशी बोलणार कोण? दिवसभर तोंडाला कुलूप."

"आणि मध्यम?"

"तिथे शिडी आहे."

शिडी म्हणजे ती उंच बाई. तिचा हात खांद्यापासून सुटला की डिस्क झाडावरून जाते. समोरून जाताना आम्हाला हात करते. ताईही हात करतात, पण खालचा ओठ दाबून. का ते मला माहीत नाही, काहीतरी जुनं असेल.

"हौशीत दोघींचे अर्ज एकदम गेले ना, तर एकाच तुकडीत टाकतात," ताई म्हणाल्या. गटाप्रमाणे चौघीचौघींची तुकडी करतात आणि अठराच्या अठरा बास्केट त्याच चौघी बरोबर चालतात. "मी आहे ना बरोबर. चुकलीस तर सांगीन."

म्हणजे ताईंना वाटतं मी चुकणार. वाईट वाटलं थोडं. पण त्यांचं बरोबरच आहे, अडुसष्ट फेकी घेणारीनं कुठल्या तोंडानं मध्यम म्हणायचं?

"अजून एक फेरी मारायची?" त्यांनी निघताना विचारलं. नेहमी विचारतात. मला स्वयंपाक होता.

सोमवार, १० मार्च

जवळजवळ हौशी. बोट रकान्यावर ठेवलंही होतं. तेवढ्यात वाटलं, तिथेही शेवटची आले तर ताईंची मान खाली जाईल. मग नवख्या बरं. मग वाटलं, तेरा महिने खेळून नवखी म्हणवून घ्यायचं हे खोटंच की. फोन उपडा ठेवला.

बुधवार, १२ मार्च

हे लिहिताना अजून माझं डोकं ताळ्यावर नाही.

जेवणाच्या सुट्टीत स्पर्धेच्या नोंदणीवाल्यांना फोन केला. म्हटलं, आपल्याच्यानं ठरत नाही, जाणत्याला विचारू. गृहस्थ मोकळे निघाले. "सरासरी किती तुमची?" म्हणाले. "अडुसष्ट," मी अगदी हळू सांगितलं, मालक ऐकत होते.

"पुढच्या ओट्यावरून ना? मग हौशी भरा."

"नाही, मागच्या. मी नवीन आहे अजून."

ते म्हणाले, "नवीन आहात आणि मागून टाकता?"

"नवीन माणसानं मागूनच टाकायचं असतं ना?"

ते हसले. वाईट नाही हसले, पण हसले. "अहो बाई, उलटं आहे. नवख्या आणि हौशी पुढून टाकतात. मागचा ओटा मध्यम आणि प्रगतसाठी. मागून अडुसष्ट म्हणजे... गेल्या वर्षी मध्यममध्ये दुसरी आलेली सदुसष्टवर होती. कोणी सांगितलं तुम्हाला मागून टाकायला?"

मी म्हटलं, असंच. फोन ठेवला. नंतर एका बाईंचे डोळे तपासताना मी उजव्याचा नंबर डाव्याला लिहिला. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवार, १३ मार्च

तेरा महिने! मी तेरा महिने चाळीस पावलं मागून टाकते आहे, त्या पुढून टाकतात आणि वर "पाचनंच हरलीस हो, छान" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारतात. आणि मी? मी "तुमच्यामुळेच" म्हणते. नुसतं आठवलं तरी कान तापतात.

नवऱ्याला सांगितलं. वाटलं होतं चिडेल किंवा हसेल. तो ऐकून घेतल्यावर बराच वेळ भाजी निवडत बसला.

"तिला विचार ना," म्हणाला.

"मी का विचारू? त्यांना जिंकायची एवढी हौस असेल तर जिंकू देत."

"ताईला जिंकायची हौस?" तो म्हणाला. "लहानपणी पत्त्यांत ती मला मुद्दाम हरून दाखवायची. मी रडू नये म्हणून."

"मग हे काय आहे?"

"मला काय माहीत? पण शनिवारी तू फोनवर 'येते' म्हणतेस ना, तेव्हा नीट कान देऊन बघ एकदा. मला ऐकू येतो तिचा आवाज."

आता यात आवाजाचा काय संबंध? बहीणभावांचं असंच असतं, एकमेकांचं बाहेर काढायचं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

मध्यम. दाबलं. रागाच्या भरात दाबलं हे इथे कबूल करते, कारण इथे कोणी वाचणार नाही. नवरा म्हणाला ताईला कळवलंस का? म्हटलं यादी लागेल तेव्हा कळेल.

रविवार, १६ मार्च

काल ताईंचा फोन आला, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. आज साडेसहाला मी टक्क जागी होते. कूस बदलत पडले. दुपारी ताई डोक्याला लावायचं मलम घेऊन आल्या. मी खोलीतच झोपेचं सोंग घेतलं. बाहेर नवऱ्याशी बोलताना ऐकू आलं, "नाही रे, गेले नाही मी. एकटीनं काय फेकायचं?"

मलम मात्र चांगलं आहे. लावल्यावर खरंच डोकं दुखायला लागलं.

बुधवार, १९ मार्च

यादी लागली. ताईंचा फोन लगेच.

"मध्यम?" म्हणाल्या.

"हो."

"बरं," म्हणाल्या. मग, "बरं केलंस. बूट कोरडे करून ठेव." आणि ठेवला.

मी केवढी तयारी केली होती. असं म्हणाल्या तर असं म्हणायचं, तसं म्हणाल्या तर तसं. नुसत्या 'बरं'ला काय उत्तर द्यायचं असतं? आता त्या रागावल्यात की घाबरल्यात की त्यांना काहीच वाटलं नाही, मला कळत नाही. आणि मी जिंकल्यासारखं का वाटत नाही तेही कळत नाही.

रविवार, २३ मार्च

सावकाश लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

सहाला दारावर बेल. ताई गाडी घेऊन आलेल्या, नेहमीसारख्या. मी दार उघडलं नसतं तर त्या तिथे किती वेळ थांबल्या असत्या कोण जाणे. मैदानावर त्या त्यांच्या तुकडीकडे गेल्या, मी माझ्या. माझ्या तुकडीत शिडी, एक बसचालक बाई आणि एक गणिताच्या शिक्षिका.

पहिली डिस्क सरळ झुडपात गेली. दुसऱ्या बास्केटवर पाच फेकी. वाटलं, संपलं, सगळ्यांचं खरं होतं, ताईंचंसुद्धा. मग तिसऱ्या ओट्यावर उभी राहिले आणि लक्षात आलं की हा तोच ओटा आहे. तीच फट, तोच खड्डा, तेच उजवीकडचं वाकडं झाड. शिडी सोडून बाकीच्या दोघी अंदाज घेत होत्या आणि माझे पाय आपणहून जागेवर जात होते. या ओट्यांवरून मी पन्नासवर रविवार डिस्क टाकली होती. बसचालक बाई सातव्यावर म्हणाल्या, "तुम्हाला तयार कुणी केलं हो? हात मस्त आहे." मी म्हटलं, नणंदेनं. बोलून गेले, मग पुढची दोन बास्केट तेच डोक्यात फिरत राहिलं.

सहासष्ट. दुसरी आले. शिडी पहिली, चौसष्ट.

नवव्याजवळून जाताना पलीकडे हौशीची तुकडी दिसली होती. तिघीजणी बोलत पुढे निघाल्या होत्या, ताई बाकावर बसून पेल्यात ओतत होत्या. एकच पेला. मग घाईघाईनं झाकण लावून त्यांच्या मागे गेल्या. त्या चौथ्या आल्या.

बक्षीस घेऊन आले तर शिडी आली, ताईंच्या समोरच. म्हणाली, "आम्ही सहाजणी रविवारी सातला जमतो. तुम्ही आमच्यात या. तुमच्यासारखीला बरोबरीची माणसं हवीत." ताई गाडीची किल्ली शोधत होत्या. ती त्यांच्या हातातच होती. मी म्हटलं, कळवते.

येताना निम्म्या वाटेवर सिग्नलला ताई समोर बघतच म्हणाल्या, "मागून टाकायचा असा काही नियम नाहीये."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"त्या बुधवारपासून. अर्ज भरायच्या आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात? तेरा महिने, ताई! मी वेडीसारखी किती फेकींनी मागे ते मोजत बसायचे."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न मारला. ताईंनी गाडी हलवली आणि पुढे जाऊन कडेला उभी केली.

"ती शिडी माझ्याबरोबर खेळायची," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं. मीच शिकवलं, पुढच्या ओट्यावरून, रीतसर. एके दिवशी तिनं मला हरवलं. मला केवढा आनंद झाला होता, विचार तिला. मग महिन्याभरात त्या लोकांनी तिला बोलावलं. हेच वाक्य, बरोबरीची माणसं. भांडण नाही, काही नाही. गेली. अजून हात करते दिसली की."

त्यांनी समोरचा आरसा उगाच नीट केला.

"तू पहिल्या रविवारी आलीस, रडून डोळे सुजलेले, आणि पहिलीच डिस्क अशी टाकलीस की मी बघतच राहिले. म्हटलं, ही चार महिन्यांत जाणार. मागून टाकायला लावलं तर मला हरवणार नाही, वर्षभर तरी राहील." त्यांनी किल्ली फिरवली. "वर्षभर राहिलीस."

मला राग आला होता तो शोधत होते. होता, अजून होता, पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं आणि दोन्ही वेगळं करता येईना. रडूही येत होतं. "तुम्ही सांगितलं असतंत तर," असं काहीतरी पुटपुटले.

घरापाशी उतरताना त्या म्हणाल्या, "हो म्हण त्यांना. चांगल्या खेळतात, शिकशील."

"आणि तुम्ही?"

"मला काय कामं कमी आहेत? रविवारी कपडे असतात धुवायचे."

सोमवार, २४ मार्च

दिवसभर ते कपडे डोक्यातून जात नाहीत. ताई एकट्या राहतात, एका माणसाचे आठवड्याचे कपडे. किती असतील? सात पोलकी, एखादी चादर. मशीन आहे त्यांच्याकडे, माझ्या नवऱ्यानंच घेऊन दिलंय. तासाभराचं काम. उरलेल्या रविवारचं त्या काय करणार होत्या?

दुपारी खुर्चीत बसलेल्या गृहस्थांना विचारलं, हे स्पष्ट की हे? ते म्हणाले, थांबा हं, घाई करू नका. मी म्हटलं, बसा निवांत, माझी सोळा वर्षं यातच गेली आहेत आणि मलाही समोरचं दिसत नाही. ते घाबरलेच.

संध्याकाळी घरी येताना बसमध्ये शिडीला संदेश लिहिला. शनिवारी जमत असाल तर जरूर येईन, शिकायचं आहे. रविवारी जमणार नाही, रविवारी मी ताईंबरोबर खेळते.

गटाचा एक रकाना भरायला मला अकरा दिवस लागले होते. हे तीन थांबे यायच्या आत लिहून पाठवून झालं. बरोबर केलं की चूक, विचारू नका, मला सांगता येणार नाही. मग ताईंना फोन लावला. आज सोमवार, त्यामुळे उचलल्याबरोबर त्यांनी घाबरून विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "रविवारी येताय ना?"

"बूट कोरडे करून ठेव," ताई म्हणाल्या.